अँजिओइडिमा : सुजेच्या दोन वाटा

ओठ, पापणी, जीभ किंवा हाताचा पंजा काही तासांत फुगतो, एक-दोन दिवस तसाच राहतो आणि मागे कसलीही खूण न ठेवता ओसरतो. अशा सुजेला वैद्यकशास्त्रात अँजिओइडिमा म्हणतात. त्वचेच्या खोल थरांतल्या आणि तोंड, घसा, आतडे यांच्या अस्तराखालच्या बारीक रक्तवाहिन्या एकाएकी झिरपू लागतात, रक्तातले पाणी आणि प्रथिने भोवतालच्या ऊतींत साचतात, एवढीच मूळ घटना. हीच घटना त्वचेच्या वरच्या थरात घडली तर खाजणाऱ्या लालसर गांधी उठतात आणि घरोघरी तिला अंगावर पित्त उठणे म्हणतात. खोलवर घडली तर खाज कमी, रंग जवळपास नेहमीचाच. ताण आणि जडपणा मात्र जाणवतो. ऊती सैल असतील तिथे पाणी साचायला जागा मिळते, म्हणून पापण्या, ओठ आणि जननेंद्रिये ही या सुजेची नेहमीची ठिकाणे.

इतर सुजांपासून ती वेगळी ओळखता येते. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारात पायांवर दोन्ही बाजूंना सारखी सूज येते, बोटाने दाबल्यास खळगा पडतो आणि ती हळूहळू वाढते. जंतुसंसर्गाच्या सुजेत ताप, लाली आणि ठणका असतो. विदर्भात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेल्या जिल्ह्यांत दिसणारी पायाची सूज वर्षानुवर्षे हटत नाही. अँजिओइडिमा झटकन येतो, बहुधा एका बाजूला जास्त असतो, दाबल्यास खळगा पडत नाही, आणि तो जातो. जातो म्हणूनच तो विसरला जातो. रुग्ण डॉक्टरांपुढे बसतो तेव्हा दाखवायला काहीच उरलेले नसते.

वरून एकसारख्या दिसणाऱ्या या सुजेमागे शरीरातल्या दोन वेगळ्या वाटा आहेत. एक हिस्टामिनची, दुसरी ब्रॅडिकिनिनची. पहिल्या वाटेवरची सूज ॲड्रेनलिन, अँटिहिस्टामिन आणि स्टेरॉइड यांना दाद देते. दुसऱ्या वाटेवरच्या सुजेवर यांपैकी कशाचाही भरवशाचा उपयोग होत नाही. या विषयातले जवळजवळ सगळे गोंधळ, आणि टाळता येण्याजोगे बरेचसे मृत्यू, या एका फरकाकडे दुर्लक्ष झाल्याने घडतात. प्रस्तुत पुस्तकाची उभारणी याच फरकावर केलेली आहे.

हा फरक कळायला शंभर वर्षे लागली. १८७६ मध्ये इंग्लंडमध्ये जॉन मिल्टन यांनी मोठ्या आकाराच्या गांधींचे वर्णन केले. १८८२ मध्ये जर्मनीतील हाइनरिख क्विंके यांनी त्वचेच्या मर्यादित भागावर अचानक येणाऱ्या सुजेचे इतके नेमके वर्णन केले, की युरोपातल्या अनेक देशांत ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पुढे काही वर्षांतच मज्जातंतूंच्या बिघाडामुळे रक्तवाहिन्या सैलावतात या समजुतीतून तिला ‘अँजिओन्यूरोटिक’ हे विशेषण चिकटले. समजूत चुकीची होती, पण विशेषण पाऊणशे वर्षांहून अधिक टिकले आणि त्याने रुग्णांचे नुकसान केले: पोटात वारंवार कळा येणाऱ्या, तपासणीत काहीच न सापडणाऱ्या स्त्रीला ‘मनाचा आजार’ आहे असे सांगायला शास्त्रीय आधार असल्याचा भास त्यातून निर्माण झाला.

१८८८ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी एका अमेरिकी कुटुंबातल्या पाच पिढ्यांत चालत आलेल्या सुजेची हकीकत प्रसिद्ध केली. ही सूज आनुवंशिक असते, तिच्यात पोटदुखी आणि उलट्या असतात आणि घशात आली तर ती प्राण घेते, ही तिन्ही निरीक्षणे त्या एका लेखात आहेत. सूक्ष्मदर्शक किंवा रक्तचाचणी यांची मदत नसताना, केवळ कुटुंबाची कथा नीट ऐकून काढलेले हे निष्कर्ष आजही बदलावे लागलेले नाहीत. त्याही आधी, १८५१ मध्ये, नॅथॅनिएल हॉथॉर्न यांच्या ‘द हाउस ऑफ द सेव्हन गेबल्स’ या कादंबरीत एका घराण्यातले पुरुष शाप लागल्यासारखे घशात घरघर होऊन मरताना दाखवले आहेत. लेखकाने असे एखादे खरे कुटुंब पाहिले असावे, असा तर्क काही वैद्यकीय अभ्यासकांनी केला आहे. तर्कच तो, पण ऑस्लरचा लेख वाचल्यावर मोह आवरत नाही.

या आनुवंशिक सुजेचे कारण सापडायला १९६० चे दशक उजाडावे लागले. १९६३ मध्ये व्हर्जिनिया डोनाल्डसन आणि रिचर्ड इव्हान्स यांनी दाखवले, की अशा रुग्णांच्या रक्तात सी-१ इनहिबिटर नावाचे प्रथिन कमी असते. १९६५ मध्ये आणखी एक प्रकार पुढे आला: काही कुटुंबांत हे प्रथिन मोजायला गेल्यास पुरेसे, पण काम करत नाही. पहिल्याला प्रकार एक, दुसऱ्याला प्रकार दोन म्हणतात. साधारण ८५ टक्के रुग्ण पहिल्या प्रकारात मोडतात. हे प्रथिन बनवणारे सर्पिंग-१ हे जनुक अकराव्या गुणसूत्रावर आहे. त्याच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी आजार होतो, म्हणून आई किंवा वडील यांपैकी एकाला आजार असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. सुमारे पाव रुग्णांत मात्र बिघाड त्यांच्यापासूनच सुरू झालेला असतो. घरात कुणालाच नव्हते या उत्तरावर थांबणे म्हणूनच धोक्याचे.

प्रथिन कमी आहे हे कळले, पण सूज नेमकी कशाने येते यावर पुढची तीसेक वर्षे दोन पक्ष भांडत राहिले. सी-१ इनहिबिटर दोन ठिकाणी पहारा देते. रोगप्रतिकारातल्या कॉम्प्लिमेंट साखळीची पहिली कडी ते रोखते. आणि रक्त गोठण्याच्या प्रक्रियेशी जोडलेले फॅक्टर बारा व कॅलिक्रेन हे विकरही तेच आवरते. एका पक्षाचे म्हणणे असे, की कॉम्प्लिमेंटच्या साखळीतल्या सी-२ या घटकाचा एक तुकडा सूज आणतो. दुसरा पक्ष म्हणे, मोकाट सुटलेले कॅलिक्रेन किनिनोजेन नावाचे मोठे प्रथिन कापते, त्यातून नऊ अमिनो आम्लांचे ब्रॅडिकिनिन सुटते आणि तेच गुन्हेगार. निकाल एका विलक्षण कुटुंबाने दिला. त्या कुटुंबातल्या माणसांचे सी-१ इनहिबिटर कॉम्प्लिमेंटला रोखू शकत नव्हते, पण कॅलिक्रेनला रोखत होते, आणि त्यांच्यापैकी कुणालाही सूज येत नव्हती. १९९८ मध्ये सुजेच्या झटक्याच्या वेळी रुग्णांच्या रक्तात ब्रॅडिकिनिन प्रत्यक्ष वाढलेले मोजले गेले. पुढे उंदरांवरच्या प्रयोगात ब्रॅडिकिनिनचा बी-२ ग्राहक काढून टाकला तेव्हा रक्तवाहिन्यांचे झिरपणे थांबले. त्यानंतरची सगळी नवी औषधे या निकालाची फळे आहेत.

या ब्रॅडिकिनिनची गोष्ट थोडी विस्ताराने सांगण्याजोगी आहे. १९४८-४९ मध्ये ब्राझीलमधील साओ पाउलो येथे मॉरिसिओ रोचा ए सिल्वा आणि त्यांचे सहकारी यांनी तिथल्या जराराका या विषारी सापाचे विष रक्तद्रवात मिसळले, तेव्हा रक्तदाब उतरवणारा आणि आतड्याचे स्नायू सावकाश आकुंचित करणारा एक पदार्थ हाती लागला. तेच ब्रॅडिकिनिन. १९६० च्या दशकात सेर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात असे घटक सापडले, जे ब्रॅडिकिनिनचा नाश होऊ देत नाहीत. शरीरात ब्रॅडिकिनिन काही सेकंदच टिकते. त्याची विल्हेवाट लावणाऱ्या विकरांत एसीई हे प्रमुख. हे विकर रोखले तर रक्तदाब उतरतो, या धाग्यावरून कॅप्टोप्रिल हे औषध घडले आणि १९८१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल ही त्याचीच भावंडे. कोट्यवधी लोकांचे हृदय आणि मूत्रपिंड या गोळ्यांनी सांभाळले. पण ज्याचा नाश थांबवला ते ब्रॅडिकिनिन काहींच्या जिभेत आणि ओठांत साचू लागले. गोळी घेणाऱ्या हजारात एक ते सात जणांना अशी सूज येते. आफ्रिकी वंशाच्या लोकांत हे प्रमाण अधिक आहे. याच गोळ्यांचा कोरडा खोकला बहुतेक डॉक्टरांना ठाऊक असतो. सूज त्याच कुळातली आहे, हे तितकेसे ठाऊक नसते.

या सुजेत फसगत होते ती वेळेमुळे. ती गोळी सुरू झाल्यावर आठवड्यात येऊ शकते, तशीच पाच वर्षांनीही. पाच वर्षे बिनतक्रार घेतलेल्या गोळीवर कुणी संशय घेत नाही. आदल्या रात्री खाल्लेल्या कोळंबीवर ठपका येतो, अँटिहिस्टामिन दिले जाते, सूज तिच्या वेळाने उतरते आणि गुण औषधाच्या खात्यात जमा होतो. गोळी चालूच राहते. पुढची सूज जिभेवर येते. गोळी बंद केल्यावरही काही आठवडे सूज येऊ शकते, हे रुग्णाला आधीच सांगितले नाही तर तो पुन्हा खाण्यापिण्यातच कारण शोधू लागतो. मधुमेहावरची ग्लिप्टिन गटातली औषधे किंवा हृदयविकारावरचे सॅक्युबिट्रिल जोडीला आले तर धोका वाढतो. सॅक्युबिट्रिल आणि एसीई रोखणारी गोळी यांच्यात ३६ तासांचे अंतर सक्तीचे आहे. पर्याय म्हणून सार्टन गटातली औषधे बहुतेकांना चालतात. रक्तदाबाचे रुग्ण घराघरांत असलेल्या महाराष्ट्रात सामान्य डॉक्टरला आनुवंशिक प्रकारापेक्षा हाच प्रकार कितीतरी अधिक वेळा भेटणार. तरीही पाठ्यपुस्तकांत त्याला एखादी ओळ मिळते. या पुस्तकात त्याला भरपूर जागा दिली आहे, ते योग्यच झाले.

हिस्टामिनच्या वाटेवरची कारणे तुलनेने परिचित आहेत: शेंगदाणे, काजू, कोळंबी-खेकडे, अंडी, पेनिसिलिनसारखी औषधे, मधमाशी किंवा गांधीलमाशीचा दंश. या सर्वांत त्वचेतल्या मास्ट पेशी फुटून हिस्टामिन सुटते, मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत सूज येते आणि बहुधा गांधीही उठतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशी वेदनाशामके ॲलर्जीच्या नेहमीच्या मार्गाने न जाताही हेच घडवतात. अंगदुखीची गोळी कुणी औषधात मोजत नाही, म्हणून ती मुद्दाम विचारावी लागते. सहा आठवड्यांहून जास्त काळ गांधी आणि सूज येत राहिली तर बाहेरचे कारण बहुधा सापडत नाही. रोगप्रतिकार यंत्रणाच मास्ट पेशींना डिवचत असते. अशा रुग्णांना वांगे, टोमॅटो, डाळी, आंबट असे सगळे सोडायला लावून अर्धपोटी ठेवण्याची आपल्याकडची रीत निरुपयोगी आहे. झोप न आणणाऱ्या नव्या अँटिहिस्टामिनची मात्रा नेहमीच्या चौपटीपर्यंत वाढवणे आणि तेवढ्याने भागले नाही तर ओमालिझुमॅबचे इंजेक्शन, ही आजची मान्य वाट. आमसुलाचा कोळ अंगाला चोळणे किंवा गेरू लावणे यांनी गांधींची आग थोडी शमते, त्यात गैर काही नाही. घशाच्या सुजेवर ते काहीच करू शकत नाहीत.

आनुवंशिक प्रकार दुर्मीळ आहे. साधारण ५०,००० माणसांत एक असे त्याचे प्रमाण धरले जाते. २०११ च्या जनगणनेतली महाराष्ट्राची ११ कोटी २४ लाख लोकसंख्या धरली तरी राज्यात सव्वादोन हजारांच्या आसपास रुग्ण असायला हवेत. निदान झालेले त्यांतले थोडे. बाकीचे कुठे आहेत, याचे उत्तर आजाराच्या रूपातच आहे. बहुतेकांत पहिला झटका बालपणी किंवा किशोरवयात येतो आणि वयात येताना त्रास वाढतो. सूज सावकाश, काही तासांत चढत जाते, दोन ते पाच दिवस टिकते. गांधी कधीच उठत नाहीत. काही जणांना सुजेच्या आधी त्वचेवर नागमोडी लालसर रेषा दिसतात. त्यांना पित्त समजले जाते आणि रुग्ण चुकीच्या वाटेला लावला जातो.

सगळ्यात मोठी फसवणूक पोटात होते. आतड्याच्या भिंतीला सूज आली की असह्य कळा, उलट्या, पोट फुगणे, आतड्यात अडथळा आल्याची सगळी लक्षणे दिसतात. त्वचेवर काहीच नसेल तर शल्यविशारदाला अपेंडिक्स किंवा पीळ पडल्याचा संशय येणे स्वाभाविक आहे. पोट उघडले जाते, आत सुजलेले आतडे आणि थोडे पाणी सापडते, अपेंडिक्स निरोगी निघते. पोटावर अशा एक-दोन शस्त्रक्रियांच्या खुणा असलेला आणि तरीही पोटदुखी न थांबलेला तरुण रुग्ण पाहिला की हा आजार आठवायला हवा. झटक्याच्या वेळी काढलेल्या सोनोग्राफीत किंवा सी.टी. स्कॅनमध्ये आतड्याची जाडावलेली भिंत दिसते आणि दोन दिवसांनी ती पूर्ववत झालेली असते.

घशाचे झटके एकूण झटक्यांत फार थोडे, पण निम्म्या रुग्णांना आयुष्यात कधी ना कधी असा झटका येतो. निदान न झालेल्या कुटुंबांत पूर्वी सुमारे एकतृतीयांश मृत्यू घसा बंद पडून होत असत. दात काढणे हे त्याचे कुप्रसिद्ध निमित्त: दाढ काढल्यानंतर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, रुग्ण घरी असताना सूज चढते. त्यामुळे दंतवैद्याने विचारलेला एक प्रश्न इथे प्राण वाचवू शकतो. मार, मानसिक ताण, जंतुसंसर्ग, मासिक पाळी ही इतर निमित्ते. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी स्त्रियांचा त्रास बहुधा वाढतो आणि एसीई रोखणाऱ्या गोळ्या या रुग्णांना कधीच देऊ नयेत.

याशिवाय दोन लहान शाखा आहेत. चाळिशीनंतर पहिल्यांदाच अशी सूज आली आणि कुटुंबात कुणाला नसेल, तर शरीरात सी-१ इनहिबिटर खर्ची पडत असण्याची शक्यता असते. लसिका ग्रंथींचा कर्करोग किंवा त्या प्रथिनाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे ही त्याची कारणे. सूज कधी कधी कर्करोगाच्या आधी काही वर्षे येते. दुसरी शाखा २००० मध्ये पुढे आली: सी-१ इनहिबिटर पुरेसे आणि कामाचे असूनही कुटुंबात चालणारी सूज, प्रामुख्याने स्त्रियांत. २००६ मध्ये त्यांतल्या काही कुटुंबांत फॅक्टर बाराच्या जनुकात दोष सापडला, पुढे प्लाझ्मिनोजेन, अँजिओपॉइटिन-१, किनिनोजेन अशा आणखी जनुकांची भर पडत गेली.

निदानाची सुरुवात प्रयोगशाळेत होत नाही. गांधी उठतात का, सूज किती तास चढते आणि किती दिवस टिकते, अँटिहिस्टामिनने खरोखर फरक पडतो का, पोटात कळा येतात का, घरात कुणाचा घसा सुजून अचानक मृत्यू झाला होता का, कोणकोणत्या गोळ्या चालू आहेत, या प्रश्नांनी दोन वाटा बऱ्याच अंशी वेगळ्या होतात. ‘घरात कुणाला’ असे विचारताना आजोळही धरावे लागते. माहेरच्या माणसांचे आजार सासरी सांगितले जात नाहीत आणि अर्धी वंशावळ कोरी राहते. त्यानंतर कॉम्प्लिमेंट साखळीतल्या सी-४ या घटकाची तपासणी. ती मोठ्या शहरांतल्या प्रयोगशाळांत होते आणि फार महाग नाही. गांधींशिवाय वारंवार सूज येणाऱ्या रुग्णात सी-४ कमी निघाले तर संशय बळावतो. झटक्याच्या काळातही ते नेहमीसारखे आले तर प्रकार एक आणि दोन असण्याची शक्यता फारच कमी. पुढची पायरी सी-१ इनहिबिटरचे प्रमाण आणि त्याची कार्यक्षमता. प्रकार दोनमध्ये प्रमाण पुरेसे दिसते, म्हणून केवळ प्रमाण मोजून ‘सर्व ठीक’ असे कळवणे ही नेहमी घडणारी चूक आहे. कार्यक्षमतेची तपासणी मोजक्याच ठिकाणी होते आणि नमुना योग्य तापमानात न पोहोचल्यास खोटा निष्कर्ष देते. ती पुन्हा करून पाहावी लागते. त्याच साखळीतला सी-१क्यू हा घटक कमी असेल तर आनुवंशिक नव्हे, नंतर जडलेला प्रकार. एक वर्षाखालच्या मुलांत हे सगळे आकडे बेभरवशाचे असतात, तिथे जनुकतपासणी उपयोगी पडते. एकाचे निदान झाले की आईवडील, भावंडे आणि मुले यांची तपासणी व्हायलाच हवी, त्यांना त्रास असो वा नसो.

उपचारांत पहिला क्रम श्वासाचा. आवाज घोगरा होणे, लाळ गिळता न येणे, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येणे ही धोक्याची लक्षणे. अशा रुग्णाला घरी थांबवू नये आणि श्वासनलिकेत नळी घालण्याचे काम तिथल्या सर्वांत अनुभवी हाताने करावे. हिस्टामिनच्या वाटेवरची तीव्र सूज असेल, किंवा ती कोणत्या वाटेची हे कळत नसेल, तर मांडीच्या स्नायूत ॲड्रेनलिन द्यायला कचरू नये, प्रौढाला ०.५ मिलिग्रॅम. आपल्याकडे मात्र आधी एव्हिल (अँटिहिस्टामिन) आणि डेक्सा (स्टेरॉइड) टोचले जाते, ॲड्रेनलिन घाबरत घाबरत, उशिरा. हा क्रम उलटा आहे. या सगळ्याचा काहीच परिणाम दिसला नाही तर तीच निदानाची खूण मानून दुसऱ्या वाटेचा विचार सुरू करायचा असतो.

आनुवंशिक प्रकारात झटक्यावर तीन प्रकारे उपाय करता येतो. कमी असलेले प्रथिन रक्तद्रवातून काढून किंवा प्रयोगशाळेत तयार करून शिरेतून देणे, कॅलिक्रेन रोखणे, किंवा ब्रॅडिकिनिनचा बी-२ ग्राहक बंद करणे. तिसरे काम आयकॅटिबंट करते: ३० मिलिग्रॅमचे इंजेक्शन रुग्ण पोटाच्या त्वचेखाली स्वतःच टोचून घेऊ शकतो. उपचार जितका लवकर तितका झटका छोटा, म्हणून औषध रुग्णाच्या घरी असणे हाच आजच्या मार्गदर्शक तत्त्वांचा गाभा आहे. २०२५ मध्ये सेबेट्रलस्टॅट या गोळीला अमेरिकेत मान्यता मिळाली आणि सुईशिवाय झटका रोखणे पहिल्यांदाच शक्य झाले. यांपैकी काहीच हाताशी नसेल तर फ्रेश फ्रोझन प्लाझ्मा देतात. त्यात सी-१ इनहिबिटर असते, तसाच सूज वाढवू शकणारा कच्चा मालही असतो, त्यामुळे रुग्णावर नजर ठेवूनच तो द्यावा लागतो. भारतातल्या कितीतरी रुग्णालयांत वर्षानुवर्षे तेवढाच आधार होता आणि लहान गावांत आजही तोच आहे.

झटके टाळण्याच्या उपचारांत इतिहासाचे थर स्पष्ट दिसतात. १९७६ मध्ये डॅनॅझोलचा उपयोग सिद्ध झाला. हे पुरुषसंप्रेरकांच्या कुळातले स्वस्त औषध यकृताला सी-१ इनहिबिटर जास्त बनवायला लावते. पण वजन वाढणे, पाळी बिघडणे, स्त्रियांच्या चेहऱ्यावर केस येणे, यकृतात गाठी होणे ही त्याची किंमत. गर्भवतींना आणि लहान मुलांना ते देत नाहीत. ट्रॅनेक्झॅमिक आम्ल अधिक सुरक्षित, पण दुबळे. २०१८ मध्ये आलेले लॅनॅडेलुमॅब दर दोन आठवड्यांनी त्वचेखाली घेतले तर अनेक रुग्ण महिनोन्‌महिने झटक्यांविना राहतात. २०२० मधले बेरोट्रलस्टॅट रोज एक कॅप्सूल इतके सोपे. २०२५ मध्ये फॅक्टर बारा रोखणारे गॅराडॅसिमॅब आणि यकृतात कॅलिक्रेनचा पूर्वघटकच बनू न देणारे डोनिडालॉर्सेन यांना अमेरिकेत मान्यता मिळाली. जनुक कात्रीने तोच पूर्वघटक कायमचा बंद करण्याचे प्रयोगही रुग्णांवर चालू आहेत.

जगाच्या एका टोकाला एकदाच घ्यायच्या उपचाराची चर्चा आणि दुसऱ्या टोकाला डॅनॅझोलची गोळी व प्लाझ्माची पिशवी, या ताणात भारतीय डॉक्टरला काम करायचे असते. चंडीगडच्या पी.जी.आय. संस्थेने गेल्या काही वर्षांत भारतीय कुटुंबांचा पद्धतशीर अभ्यास करून मर्यादित साधनांतही निदान आणि देखभाल कशी होते हे दाखवले आहे. डॅनॅझोलला मागास ठरवून हिणवणे सोपे आहे. ज्याला दुसरे काही परवडत नाही त्याच्यासाठी योग्य मात्रेत, दर सहा महिन्यांनी यकृताची तपासणी करत दिलेले डॅनॅझोल हाच चांगला उपचार ठरतो, अशी स्पष्ट भूमिका या पुस्तकाने घेतली आहे. तिच्याशी काही तज्ज्ञांचे मतभेद होतील.

विषयाला आजच हात घालण्याची कारणे त्यामुळे उघड आहेत. औषधे पहिल्यांदाच नेमकी झाली आहेत, म्हणून नेमक्या निदानाला पूर्वी नव्हते इतके मोल आले आहे. आणि एसीई रोखणाऱ्या गोळ्यांचा वापर वाढत असल्याने ब्रॅडिकिनिनची वाट आता केवळ दुर्मीळ आजारांच्या तज्ज्ञांपुरती उरलेली नाही. मराठीत या विषयावर सलग लेखन जवळपास नाही. प्रस्तुत पुस्तक कुटुंबवैद्य, दंतवैद्य, अपघात विभागातले तरुण डॉक्टर आणि परिचारिका यांच्यासाठी लिहिले आहे, पण त्याची भाषा अशी ठेवली आहे की निदान झालेल्या कुटुंबातल्या जाणत्या माणसालाही ते वाचता यावे. रुग्णाने जवळ बाळगायच्या पत्राचा नमुना, दात काढण्यापूर्वीची आणि बाळंतपणातली काळजी, शाळेला द्यायची माहिती या गोष्टी इथे औषधांइतक्याच गांभीर्याने घेतल्या आहेत. लग्न ठरवताना हा आजार लपवला जातो आणि मग सासरी पहिला झटका आला तरी औषध मागता येत नाही, या प्रश्नालाही पुस्तक बगल देत नाही.

काही गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या आहेत. गांधींच्या आजाराचे सगळे प्रकार इथे नाहीत; सुजेशी जोडलेले तेवढेच घेतले आहेत. औषधांच्या किमती दिलेल्या नाहीत, कारण त्या छापून होईपर्यंत बदलतात. सी-१ इनहिबिटर पुरेसे असणाऱ्या आनुवंशिक प्रकाराचा भाग मुद्दाम अपुरा वाटेल असा सोडला आहे. त्याची खात्री करणारी सोपी रक्तचाचणी अजून कुठेच नाही, दर काही वर्षांनी नवे जनुक पुढे येते, आणि अशा कुटुंबांत निदान आजही आधी वंशावळ काढून, मग अँटिहिस्टामिनचा चौपट मात्रेत प्रयोग करून आणि शेवटी जनुकतपासणीने करावे लागते.